मूळ संख्येची नुसती लांबी काय कामाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली' ही बातमी दर काही वर्षांनी येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. अंक ४,१०,२४,३२०. अशा बातम्यांत बहुधा एवढेच असते आणि शेवटी 'बँकांच्या सुरक्षेसाठी उपयुक्त' अशी पुस्ती जोडलेली असते. ती तर चूकच. तिथे लागणाऱ्या मूळ संख्या काहीशे अंकी असतात आणि गुप्त ठेवाव्या लागतात; जगजाहीर झालेली संख्या कुलपाला काय कामाची?

त्यापेक्षा वाचकाला स्वतः पडताळता येईल अशी एखादी संख्या छापा. उदाहरणार्थ ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या तिच्याच कुळातल्या. घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होत जातो. या पाचही मूळ. म्हणून पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असे सतराव्या शतकात फ्रेंच गणिती फर्माला वाटले. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने सहावीचा, म्हणजे या ४,२९,४९,६७,२९७ चाच, विभाजक दाखवला: ६४१.

सरधोपटपणे जायचे तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या भागून पाहाव्या लागल्या असत्या. पण या संख्येचा मूळ विभाजक ६४ च्या एखाद्या पटीत १ मिळवूनच येतो, हे ऑयलरने सिद्ध केले. मग १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१!

याचा पडताळा तर भागाकाराविनाही होतो, आणि मला तो फार देखणा वाटतो. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात. त्याला ६४१ ने भागले की बाकी उणे १ धरता येते. चौथा घात करा: ५ चा ४ था घात गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. आता ६२५ अधिक १६ बरोबर ६४१, म्हणून ५ च्या ४ थ्या घाताच्या जागी उणे (२ चा ४ था घात) चालतो. म्हणजे उणे (२ चा ३२ वा घात), बाकी १; म्हणून २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की बाकी शून्य. संपले. (दुसरा अवयव ६७,००,४१७, तोही मूळ.)

या कुळात सातवी मूळ संख्या सोडाच, सहावीसुद्धा आजवर कुणाला मिळालेली नाही. २ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १ ही ३,१५,६५३ अंकी संख्या तर संयुक्त आहे हे पक्के ठाऊक आहे, पण तिचा एकही अवयव हाती लागलेला नाही. विभाजक न सापडता संख्या संयुक्त कशी ठरते, यावर आपल्या विज्ञान पानावर एक लेख जरूर यावा.

आपला,
एक नियमित वाचक