खत फुकट आणि झाडंही फुकट गेली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नायट्रोजन म्हणजे जंगलाला मिळणारं टॉनिक, हा तुमच्या पुरवणीतला लेख काल वाचला आणि रात्रभर तोच डोक्यात घोळत राहिला, म्हणून आज लिहायला बसलो. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहेच, थोडा अजून पडला तर बिघडलं कुठे, असं लेखकमहाशय विचारतात. अहो, तो 78 टक्के झाडाला जसाच्या तसा वापरताच येत नाही! जंगलावर पडतो तो शेणखता-युरियातनं उडालेला अमोनिया आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, आणि ते लगेच अंगी लागतात, हाच तर प्रॉब्लेम आहे.

आमच्या शेताला लागून जंगलाची कड आहे, तिथे पलीकडे एक पोल्ट्री झाली. पहिली दोन-तीन वर्षं झाडं अशी हिरवीगार की मीच येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचो. मग शेडच्या बाजूच्या खोडांवरचं दगडफूल गेलं, नुसता हिरवा चिकट थर राहिला, खाली रान माजलं, आणि झाडांची जुनी पानं शिरा तेवढ्या हिरव्या ठेवून मधेमधे पिवळी पडायला लागली. तक्रार घेऊन गेलो तर साहेब हसून म्हणाले, 'काका, कोंबडखत फुकटात मिळतंय झाडांना, खूश व्हा की!' पुढे एका वादळात तीन झाडं आडवी झाली तेव्हा मी स्वतः बसून मुळं बघितली. बारीक मुळं जवळजवळ नाहीतच, होती ती आखूड, काळपट, चिमटीत धरली की साल हातात यायची, आणि पूर्वी तिथे माती उकरली की मुळांना साथ देणाऱ्या बुरशीचे पांढरे धागे दिसायचे ते औषधालाही नव्हते.

झेपेल त्याच्यावर नायट्रोजन आला की तो नायट्रेट होऊन पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतो, जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम ओढून नेतो, माती आंबट होते आणि एरवी गप्प पडलेलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांवर उठतं. अमेरिकेत हार्वर्ड फॉरेस्टमध्ये 1988 पासून हे मुद्दाम करून बघितलंय, वर्षाला हेक्टरी 150 किलो दिलेल्या प्लॉटमधले पाइन मरायला लागले (डोस जबरी आहे, मान्य). नेदरलँड्समध्ये 2019 साली कोर्टाने सरकारची नायट्रोजन हवेत सोडायच्या परवानग्या वाटायची पद्धतच मोडीत काढली. ते सगळे वेडे आणि आमचे साहेब शहाणे!

जाता जाता, मागचं माझं पत्र छापताना तुम्ही अर्धं कापलंत, नेमका पोल्ट्रीचाच भाग गेला, आणि त्याच पानावर खताची ही एवढी मोठी जाहिरात होती. जागेची अडचण असणार, समजू शकतो. या वेळी कापायचंच असेल तर पहिला पॅरा कापा, मुळांचा तेवढा ठेवा.

आपला,
एक जुना वाचक