आधी तारीख ठरव, बाकी सगळं मग

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, डिस्नीलँड वगैरे आपल्या आवाक्यातलं नाही, पोरं मोठी झाली की बघू, ते काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून आज नीट बसून लिहितोय. आवाक्यातलं आहे रे. फक्त अमेरिका सोड आणि टोकियो धर.

कॅलिफोर्नियात एका दिवसाचं स्वस्तातलं स्वस्त तिकीट 104 डॉलरचं, आणि टोकियोत मोठ्या माणसाचं 7,900 येनपासून सुरू होतं, म्हणजे येनचा भाव बघता निम्म्याच्या आसपास. आणि हे काही दुय्यम पार्क नाही हं. अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्नीलँड हेच, 15 एप्रिल 1983 ला उघडलेलं, आणि 2001 मध्ये त्याच्या शेजारी डिस्नीसी झालं, मधोमध प्रोमेथिअस नावाचा ज्वालामुखी, खाली पाणी आणि बंदरं, तसलं पार्क जगात दुसरं नाही.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. आपण सगळे आधी फ्लाइट बघतो, मग हॉटेल, आणि तारीख काय ती सुट्टी मिळेल तशी. मी अगदी तेच केलं होतं. सुट्टी मिळाली ती नेमकी एप्रिलच्या शेवटाला, म्हणजे जपानच्या गोल्डन वीकमध्ये, जेव्हा तिकडे सलग सुट्ट्या असतात आणि अख्खा देश फिरायला निघतो. आमच्या एजंटनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, वर हॉटेल दिलं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन ट्रेन बदलून जायचं. एकेका राइडला दोन-दोन तास लाईन. संध्याकाळी लेक माझ्या खांद्यावर झोपून गेली आणि परतीचा पल्ला लांब म्हणून रात्रीची दिव्यांची परेड न बघताच निघालो. मागून बँडचा आवाज येत होता आणि आम्ही स्टेशनकडे चाललो होतो. ते अजून लागतं मला. तुझं तसं होऊ नये एवढंच.

तर तारीख. तिथे तिकिटाचा भाव दिवसागणिक बदलतो, मोठ्यांना 7,900 पासून 10,900 येनपर्यंत, 4 ते 11 वर्षांच्या मुलांना 4,700 ते 5,600. तुम्ही दोघं आणि थोरला धरून सगळ्यात स्वस्त दिवशी 20,500 आणि सगळ्यात महाग दिवशी 27,400, तेच पार्क, आणि महागाच्या दिवशी गर्दी वर फुकट. आता तुझ्या धाकटीचं बघ, 3 वर्षांपर्यंत तिकीटच लागत नाही आणि तिला चार पूर्ण होणार मार्चमध्ये. म्हणजे जानेवारीत गेलात तर ती फ्री. नवीन वर्षाची सुट्टी संपू दे, दुसऱ्या सोमवारी त्यांचा वयात येणाऱ्या मुलामुलींचा दिवस असतो तो वीकेंड जाऊ दे आणि त्यानंतरचे मंगळवार-बुधवार धर. गार असतं, पार्क समुद्राच्या काठावर असल्यानं वारा बोचतो, पोरांना कानटोपी-हातमोजे पाहिजेतच. आणि हिवाळ्यात काही राइड दुरुस्तीसाठी बंद असतात, त्याचं वेळापत्रक त्यांच्या साइटवर आधीच येतं, ते बघितल्याशिवाय फ्लाइट बुक करू नकोस. स्पेस माउंटन तर 2024 च्या जुलैअखेरीपासून बंदच आहे, तिथे नवीन बांधताहेत, तेव्हा थोरल्याला आधीच सांगून ठेव नाहीतर गेटवर रडारड.

पार्कची तिकिटं साधारण दोन महिने आधी ऑनलाइन मिळतात आणि तारखेचीच असतात, एका तिकिटात एकच पार्क, सकाळी हे दुपारी ते असं चालत नाही. माझं म्हणणं, डिस्नीसीला पूर्ण दिवस द्या आणि डिस्नीलँडला एक संध्याकाळ. सुट्टी नसलेल्या वर्किंग डेला संध्याकाळी पाचनंतरचं तिकीट असतं, 4,500 पासून 6,200 पर्यंत. ते लहानमोठ्यांना एकाच भावानं असल्यामुळे मुलाच्या तिकिटात फार काही वाचत नाही, पण तुमच्या दोघांच्यात वाचतं. सगळ्यात कमी भाव धरून हिशोब केला, दोन पूर्ण दिवस 41,000 येन, एक दिवस आणि एक संध्याकाळ 34,000. आणि डिस्नीलँड दिवे लागल्यावरच खरं दिसतं रे, परेडसाठी तरी ती संध्याकाळ ठेवच. त्या दिवशी दुपारी पोरांना हॉटेलवर झोपव, माझी चूक करू नकोस.

हॉटेलचं नीट ऐक. रिसॉर्टमधली हॉटेलं महाग. पार्कचं स्टेशन माइहामा, केइयो लाईनवर, टोकियो स्टेशनहून पंधरा-वीस मिनिटं. पण टोकियो स्टेशनात या लाईनचा प्लॅटफॉर्म बाकीच्या गाड्यांपासून खूप लांब आणि खोल जमिनीखाली आहे, पोरं आणि बाबागाडी घेऊन ते चालणं म्हणजे दिवस सुरू होण्याआधीच दमणं. त्यापेक्षा त्याच लाईनवरचं पुढचं स्टेशन हाचोबोरी, तिथे साधी बिझनेस हॉटेलं भरपूर आणि हिबिया मेट्रोही मिळते. नाहीतर माइहामाच्या पलीकडचं शिन-उरायासु, तिथल्या काही हॉटेलांची पार्कला जायला फुकट बस असते. खोल्या छोट्या असतात, चौघं एका खोलीत चालतं का ते बुक करताना विचार, काही ठिकाणी लहान मूल आईबापाच्या बेडवर झोपलं तर वेगळा चार्ज नसतो.

जेआर पास, म्हणजे जपानभर रेल्वेनं फिरायचा पास, घेऊ नकोस. सगळे घे म्हणून सांगतील, पण 2023 च्या ऑक्टोबरपासून सात दिवसांचा पास 29,650 वरून 50,000 येन झालाय आणि तुम्ही टोकियोतच राहणार असाल तर ते पैसे पाण्यात.

फ्लाइट स्वस्त दिसली तरी पोचायची वेळ बघ, मध्यरात्री उतरलात तर ट्रेन बंद आणि टॅक्सीत सगळी बचत जाईल. नारिता आणि हानेदा दोन्हीकडून डिस्नीला थेट बस आहेत.

आत गेल्यावर पैसे कुठे जातात ते सांगतो. लाईन टाळायला प्रीमिअर अ‍ॅक्सेस म्हणून असतं, अ‍ॅपवर, एका राइडला माणशी 1,500 ते 2,500 येन. एकाच राइडसाठी घ्या, थोरल्याला सगळ्यात जास्त हवी असेल त्या. बाकी सकाळी गेट उघडायच्या तासभर आधी जाऊन उभं राहिलं की पहिल्या दोन राइड होतातच. काही शोच्या जागा अ‍ॅपवर लॉटरीनं फुकट मिळतात, आत शिरल्या शिरल्या टाकून द्या. बाहेरचा डबा आत चालत नाही, पण गेटबाहेर पिकनिकची जागा आहे आणि त्याच दिवशी पुन्हा आत जाता येतं.

उंचीचं विसरू नकोस. बिग थंडर माउंटन आणि टॉवर ऑफ टेररला 102 सेंटिमीटर लागतात, रेजिंग स्पिरिट्सला 117. धाकटी बसणार नाही, पण रायडर स्विच मागा, म्हणजे तू थोरल्याला घेऊन जा, वहिनी धाकटीजवळ थांबतील, मग पुन्हा लाईन न लावता वहिनींचा नंबर. वहिनींनी नुसतं पर्स सांभाळत बसू नये, हे माझ्याकडून सांग.

आणि एक दिवस कासाई रिनकाई पार्कला जा, माइहामाच्या आधीचंच स्टेशन. बाग फुकट, मोठा पाळणा 117 मीटर उंच, आणि मत्स्यालयात टूना माशांचे थवे फिरताना दिसतात, तिकीट मोठ्यांना 700 येन आणि प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना काहीच नाही. बुधवारी बंद असतं. माझ्या लेकीला त्या पूर्ण ट्रिपमधलं आज जर काही लख्ख आठवत असेल तर ते मासे.

आता तू एवढं कर, दोन्ही पोरांची उंची मोजून पाठव, पासपोर्ट कधी संपतात ते बघ आणि ऑफिसात जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याची रजा आजच टाक. व्हिसाचे कागद मी बसून लावून देतो.

तुझाच

ता.क. परेडला बसायला पातळ चटई ने, जमीन फार गार लागते.