दोन गुडघे, दोन वेगळ्या शस्त्रक्रिया

महोदय,

गेल्या आठवड्याच्या आरोग्य पुरवणीतला गुडघ्याच्या झिजेवरचा लेख वाचला. सांधा बदलणे ही एकच शस्त्रक्रिया आहे, असा समज त्यातून होतो. माझ्या उजव्या पायात पूर्ण कृत्रिम सांधा आहे आणि डाव्यात अर्धवट, म्हणजे फक्त झिजलेल्या बाजूपुरता, म्हणून लिहिते आहे.

मी वाईची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. २०१९ साली उजव्या गुडघ्यात आतली बाजू, बाहेरची बाजू आणि वाटीमागचा भाग, सगळीकडची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, गेली होती. तिथे पूर्ण सांध्यावाचून इलाज नव्हता आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण त्याच रुग्णालयात मला म्हणाले, ‘डावाही झिजलाय, दोन्ही एकदम उरकून टाका.’ मी नको म्हटले ते केवळ घरी यजमान आजारी होते म्हणून. डाव्याची झीज फक्त आतल्या बाजूला आहे, हे कोणी बोलले नाही. ते कळले चार वर्षांनी, दुसऱ्या डॉक्टरांनी मला उभे करून एक्स-रे काढला तेव्हा. गुडघा एका बाजूने दाबून आणखी एक काढला. बाहेरची बाजू शाबूत, पुढचा क्रुशिएट लिगामेंट (मांडीचे आणि नडगीचे हाड आतून बांधून ठेवणारा पट्टा) घट्ट, पायाचा बाक दाबल्यावर सरळ होणारा. एवढे जमत असेल तर झिजलेला भागच बदलता येतो, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले.

उजव्याच्या वेळी तीन आठवडे वॉकर आणि रात्ररात्र बर्फाच्या पिशव्या. डाव्याच्या वेळी पाचव्या दिवशी काठी घेऊन तुळशीपर्यंत गेले. पूर्ण सांधा बसवताना तो पुढचा लिगामेंट सहसा काढावा लागतो, अर्धवटमध्ये तो राहतो. गणपती घाटाच्या पायऱ्या उतरताना डावा पाय माझा मला वाटतो, उजवा अजून बघून टाकावा लागतो. मांडी मात्र कुठल्याच पायाने घालत नाही. भाजीसुद्धा खुर्चीवर बसून निवडते.

अर्धवट सांधा सर्वांनी करावा, असे मी म्हणत नाही. ब्रिटनमधल्या नोंदींनुसार तो पुन्हा बदलावा लागण्याचे प्रमाण पूर्ण सांध्यापेक्षा जास्त आहे, आणि जे सर्जन तो क्वचितच बसवतात त्यांच्याकडे आणखी जास्त. म्हणून डॉक्टरांना ‘वर्षाला असे किती करता?’ असे विचारायला संकोचू नये. मी विचारले होते. उलट ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या चाचणीत, ब्रिटनमधल्या २७ रुग्णालयांतल्या ५२८ रुग्णांची पाच वर्षांनी तुलना केली, तेव्हा दुखणे आणि हालचाल यांत दोन्हींचा फारसा फरक निघाला नाही, खर्च मात्र अर्धवटचा कमी. तरी ज्यांची झीज एकाच बाजूला आहे, त्यांना हा पर्याय निदान सांगितला तरी जावा.

आपल्याकडे सरसकट ‘वाट्या बदलल्या’ म्हणतात. वाटी मूळचीच राहते. फार तर मागून प्लॅस्टिकचा तुकडा बसवतात. शब्दच असा असल्यावर कुठला भाग झिजलाय, हे विचारायचे माणसाला सुचणार कसे? पुरवणीत गुडघ्याच्या तीन भागांचे साधे चित्र छापावे, ही विनंती.

आमच्या शेजारच्या वहिनींना पुढच्या महिन्यात दोन्ही गुडघ्यांची तारीख मिळाली आहे. त्यांच्या फायलीत एकच एक्स-रे आहे, तोही झोपवून काढलेला.

– एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)