फारसी शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडे मी आले होते ते पेशवाईतल्या कागदांसाठी. फारसी शब्द अडायचे, ते सुटले की झालं, एवढाच हिशेब होता. माधव जूलियनांचा १९२५ सालचा फारसी-मराठी कोश तुम्ही माझ्यापुढे ठेवलात आणि दुसऱ्याच महिन्यात हाफिजची गझल काढलीत. कागद बाजूला पडले, म्हणून मी खट्टू झाले होते.

‘सबा ब-लुत्फ बगू आँ गजाल-ए-रअना रा’. पहाटवाऱ्या, त्या डौलदार हरणाला गोडीनं सांग, तूच आम्हाला रानोमाळ भटकायला लावलंस. मी वहीत ‘हरिणीला’ लिहिलं होतं. तुम्ही पेन्सिलीनं खोडून ‘हरणाला’ केलंत. फारसीत लिंगभेद नाही, जीव जडला तो ‘तो’ की ‘ती’ हे व्याकरण सांगत नाही. “आपलंही हरीण ‘ते’च असतं गं, घाई कशाला?” म्हणालात. ती खाडाखोड अजून वहीत आहे.

पण मला सावरलं ते पुढच्या शेरानं. साखर विकणारा या साखरखाऊ पोपटाची विचारपूस का करत नाही, अशी तक्रार आहे. आणि तक्रारीच्या मधेच, श्वास घ्यावा तसं, ‘उम्रश दराज बाद’. उदंड आयुष्य लाभो त्याला.

बाई, तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. माझा एका माणसावर चार वर्षं जीव होता आणि त्याच्या ते गावीही नव्हतं. मनात नुसता राग साचला होता. ‘एकतर्फी प्रेम’ हे शब्द आपल्याकडे पेपरात येतात ते हल्ल्याच्या बातमीतच, त्यामुळे स्वतःचीच लाज वाटायची. चौदाव्या शतकातला शिराजचा हा कवी नकाराचं दुःख जराही लपवत नाही, तरी ज्याच्यामुळे ते झालं त्याला आशीर्वाद देतो. असंही करता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री मी ते तीन शब्द त्या माणसाचं नाव घेऊन म्हटले. खूप रडले, मग झोप लागली.

पुढचे दोन आठवडे मी आले नाही, तेव्हा तुमचा फोन आला. कारण विचारलं नाहीत. “जेवतेस ना वेळेवर? वही घेऊन ये, मक्ता राहिलाय,” एवढंच. मक्ता म्हणजे गझलेचा शेवटचा शेर.

त्या फोनबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. ते आज मानते.

तुमची विद्यार्थिनी