आई, शिमल्यात अंतर नको, चढ मोज

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

आई, तुमच्या मंडळाची बस शिमल्याजवळच्या कुफ्रीला जाईल त्या दिवशी तू शिमल्यातच थांबून एकटीने गाव पायी बघणार, असं बाबा फोनवर काळजीने सांगत होते. बाबा, तिला अडवू नका. एकट्या बाईमाणसाने पायी फिरावं असंच ते गाव आहे. मॉल आणि रिज या वरच्या रस्त्यांवर खासगी गाड्यांना बंदी आहे, दिवसभर माणसांची वर्दळ असते आणि हिंदीवर सगळं भागतं. काळजी करायचीच तर गुडघ्यांची करा. त्यांची तयारी निघण्याआधी सोलापुरातच करावी लागते, म्हणून आतापासून लिहिते आहे.

आधी डोक्यातला हिशोब बदल. आपल्याकडे गाव सपाट, किल्लासुद्धा भुईकोट. सिद्धेश्वराच्या देवळातून सात रस्त्याला गेलं काय आणि परत आलं काय, दम सारखाच लागतो. शिमल्यात किलोमीटरवरून काहीच कळत नाही. रिजपासून जाखू टेकडीवरचा मारुती अडीच किलोमीटर, पण तेवढ्यात साधारण २५० मीटर वर चढायचं, म्हणजे ८० मजल्यांचा जिना. फोनच्या नकाशावर दोन रस्ते एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि प्रत्यक्षात दुसरा आपल्या डोक्यावर कुठेतरी असतो. वाट विचारताना ‘कितना दूर है’ विचारू नकोस. ‘चढ़ाई है या उतराई, सीढ़ियाँ कितनी हैं’ असं विचार. ‘बस पाँच मिनट’ असं उत्तर आलं तर ती डोंगरात वाढलेल्या माणसाची पाच मिनिटं आहेत, तुझी पंधरा धर.

गावाचे मजले पाठ कर: सगळ्यात वर रिज, त्याखाली मॉल, त्याखाली लोअर बाजार, आणि तळाला गाड्यांचा कार्ट रोड. मधे जोडणारे जिने अरुंद आणि चढे. कार्ट रोडवरून मॉलला यायला सरकारी लिफ्ट आहे. ती दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्याला उतरून पुलावरून दुसऱ्या लिफ्टकडे जायचं. वाट चुकलीस असं वाटलं तर खाली उतरू नकोस, वर बघ. रिजवरच्या चर्चचा मनोरा किंवा जाखूवरची मारुतीची १०८ फुटी मूर्ती कुठूनतरी दिसते. चुकून खाली उतरलीस तर ती चूक चढून भरावी लागते.

आता दिवस कसा लावायचा ते. लांबचं टोक आधी घ्यायचं, म्हणजे जसजसे पाय थकतील तसतसं हॉटेल जवळ येत जाईल. नाश्ता करून लिफ्टने कार्ट रोडला उतर आणि टॅक्सीने ऑब्झर्व्हेटरी हिलवरच्या व्हाइसरॉयच्या वाड्याला जा. १८८८ साली बांधून पुरा झालेला हा वाडा आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीकडे आहे. आत तिकीट काढून गाइडबरोबरच जाता येतं. तुमचा कुफ्रीचा दिवस सोमवार तर नाही ना, ते आधी बघ. सोमवारी वाडा बंद असतो. इंग्रज सरकार आणि आपले पुढारी यांच्यातली १९४५ ची सिमला परिषद इथेच भरली होती. गाइड भराभर पुढे नेतो, तरी दिवाणखान्यातलं लाकूडकाम मान वर करून नीट बघ.

तिथून रिज साधारण चार किलोमीटर, आणि हा टप्पा पूर्ण पायी कर. शिमल्यातली सगळ्यात सुंदर चाल हीच, असं माझं ठाम मत आहे. आधी चौडा मैदानपर्यंत देवदारांच्या सावलीतून हलका उतार. पुढे विधानसभा लागते. ती इमारत १९२५ साली केंद्रीय विधिमंडळासाठी बांधली आणि त्याच वर्षी तिथे विठ्ठलभाई पटेल सभागृहाचे पहिले भारतीय अध्यक्ष निवडून आले. पुढचा मॉल चढत-उतरत जातो, पण बेताने. थांबत बसत दोन तास धर. घाई केलीस तर दम लागेलच, कारण आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आणि शिमला २२०० च्या घरात. तिथे श्वासागणिक प्राणवायू आपल्यापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी मिळतो. चालताना बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे असं समज.

आता उतार, कारण सगळे लोक इथेच चुकतात. चढताना दम लागतो, म्हणून चढच अवघड वाटतो. पण दम दोन मिनिटं थांबलं की जातो. उतरताना प्रत्येक पावलाला अंगाचा भार गुडघ्यावर आदळतो, मांडीचे स्नायू तो भार तोलत राहतात, आणि ते थकले की सगळं गुडघ्यावर येतं. दुखणं रात्री कळतं. तुझा उजवा गुडघा दुखरा आहे, तेव्हा काठी डाव्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या पायाबरोबर टाकायची. चढ्या रस्त्यावर सरळ न उतरता नागमोडी उतर, पावलं आखूड टाक. उतार लागायच्या आधी थांबून बुटांची नाडी घोट्यापाशी घट्ट बांध. नाडी सैल असली की पाऊल पुढे घसरतं, अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो आणि नख काळं पडतं. नखं दोन दिवस आधी काप. साडी नको, पंजाबी ड्रेस घाल. जिना उतरताना निऱ्या पायात येतात.

म्हणूनच जाखूला चालत जायचं नाही. चर्चच्या मागून रोपवे आहे, जाता-येता तोच घे. वर माकडं फार. ती चष्मा पळवतात आणि खायला दिलं की टाकून देतात. चष्मा पर्समध्ये ठेव, हातात पिशवी दिसू देऊ नकोस, त्यांच्या डोळ्यांत बघू नकोस. कडक भाकरी आणि शेंगाचटणी वर अजिबात उघडायची नाही. ती रिजवरच्या बाकावरही नको. मॉलवर इंडियन कॉफी हाउस आहे, तिथे गरम काहीतरी खा आणि अर्धा तास पाय सोडून बस. सिड्डू मिळाला तर जरूर खा: गव्हाच्या आंबवलेल्या कणकेत सारण भरून वाफवतात, वर तूप.

रिजवर संध्याकाळी जा. क्राइस्ट चर्चचं बांधकाम १८४४ ला सुरू झालं. मॉलवरचं गेटी थिएटर १८८७ चं. पण माझं लक्ष नेहमी पायाखाली जातं. त्या फरसबंदीखाली इंग्रजांच्या काळातली पाण्याची मोठी टाकी आहे. आणि रिजच्या एका बाजूला पडलेला पाऊस सतलजमार्गे अरबी समुद्राकडे, दुसऱ्या बाजूचा यमुनेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जातो. आपल्या सीना-भीमेचं पाणीही शेवटी उपसागरालाच मिळतं. ऑक्टोबरात तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लगेच गारठा पडतो. स्वेटर सकाळीच बरोबर घे. अंधारात जिने उतरू नकोस, लिफ्टने जा.

बाबा, कालका-शिमला गाडीचं विचारलंत ना? १९०३ सालची, ९६ किलोमीटर, १०२ बोगदे. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे तुमच्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेचं होतं तेवढंच. कुर्डुवाडी-बार्शी १८९७ ला सुरू झाली, म्हणजे आपली गाडी सहा वर्षांनी थोरली. आई त्या गाडीत बसेल तेव्हा डब्याची रुंदी बघून तुम्हाला सांगेल. बरोगचा बोगदा एक किलोमीटरहून लांब आहे, तो संपेपर्यंत फोन लागणार नाही, घाबरू नका.

त्या दिवशी आई तीन वेळा फोन करेल: वाड्यातून निघताना, जेवल्यावर, आणि हॉटेलात पोचल्यावर. मधे करू नका, जिन्यावर असताना तिने फोन काढायला नको. रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळेलाच, आणि चिठ्ठीवर हॉटेलचा पत्ता आणि तुमचा नंबर लिहून पर्समध्ये.

आई, कंबर तलावाच्या फेऱ्या मारतेस त्या चालू ठेव, पण त्याने उताराची सवय होत नाही. उद्यापासून आपल्या इमारतीचे तीन मजले रोज चार वेळा चढ-उतर कर, उतरताना हळू. पहिला आठवडा दोनच वेळा. बूट या रविवारीच घ्या, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. मोजा घालून अंगठ्यापुढे बोटभर जागा राहायला हवी. बाबा, दुकानात तिच्याबरोबर तुम्ही जा, नाहीतर ती स्वस्तातला घट्ट जोड घेऊन येईल.

तुमची,
धाकटी