डबे नकोत, सुमे

कोल्हापूर

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून आमच्या अंगणवाड्यांसाठी पैसे जमवलेत, वाचून फार बरं वाटलं गं. पण प्रोटीन पावडरीचे डबे पाठवू नकोस.

माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांच्या गावांत, घरोघरी म्हशी आहेत. दूध दोन्ही वेळा डेअरीला जातं आणि बाळाच्या तोंडात चहात बुडवलेलं बिस्कीट. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर घट्ट अन्न लागतं, तर आजी भरवते डाळीचं वरचं पाणी, पचायला हलकं म्हणून. एवढंसं पोट पाण्यानंच भरतं, अंगी काही लागत नाही. असं मूल दिसायला गुबगुबीतही असतं. वयाच्या मानानं उंची मोजली की कळतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 35 टक्के मुलांची उंची अशी खुंटलेली निघाली. पोटात असल्यापासूनचे पहिले 1000 दिवस हातचे गेले, की ती भरून निघणं फार अवघड.

सरकारी पूरक आहारात अशा बाळासाठी रोजच्या कॅलरी आणि प्रथिनं धरलेली आहेत. पण टीएचआरचं, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहाराचं, पाकीट घरी गेलं की चार तोंडांत वाटलं जातं. तुझ्या डब्यांचंही तेच होईल. सुनेला कितीही समजावलं तरी चूल सासूच्या हातात. म्हणून आता पाककृती दाखवायला मी आज्यांनाच बोलावते. मूगडाळीची मऊ खिचडी, वर चमचाभर तेल. नाचणीच्या खिरीत गूळ आणि शेंगदाण्याचं बारीक कूट. कुस्करलेलं उकडलेलं अंडं. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकं घट्ट. नातू समोर वाटी चाटूनपुसून खातो, तेव्हा आजीला पटतं.

खरी काळजी ऊसतोडीच्या खोप्यांची. आई पहाटे फडात जाते, तान्हं थोरल्या बहिणीपाशी, आणि ती थोरली स्वतःच सहा-सात वर्षांची. तिथं नुसतं शिकवून काय होणार? शिजवलेलं अन्न दिवसातून तीनदा त्या पोरापर्यंत पोचायला हवं, भरवणारं माणूस हवं, हात धुवायला साबण हवा. सारखे जुलाब होत राहिले तर खाल्लेलंही वाया.

तेव्हा पैसेच पाठव. शेंगदाणे, गूळ, तेल, अंडी इथंच घेऊ, आणि टोळीतल्याच एखाद्या म्हातारीला भरवण्याचे पैसे देऊ. दिवाळीनंतर टोळ्या उतरतात, त्याआधी जमव. आणि सुट्टी काढून तूही ये.

तुझीच,
वंदना