पंप खरेदी करताना सॉफ्टवेअरही तपासा

मा. संपादक,

ठरावीक वेगाने शिरेतून औषध देणाऱ्या इन्फ्युजन पंपावर १० टाकताना शून्याचे बटण एकदा दाबूनही दोनदा नोंदले गेले, तर तासाला १० मिलिलिटरऐवजी १०० मिलिलिटर औषध रुग्णाच्या शिरेत जाते. अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने २०१० मध्ये पंपांतील दोष मांडले, त्यात हा दोष होता. २००५ ते २००९ या काळात तिच्याकडे पंपांशी संबंधित अनिष्ट घटनांचे सुमारे ५६ हजार अहवाल आले होते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे बटणाचा संपर्क २० ते ५० मिलिसेकंद स्थिर राहिला तरच दाब मोजणे. पण बटण झिजले की तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक औषधाला ओलांडता न येणारी कमाल मर्यादा हवी. शिवाय मोटरचे फेरे स्वतंत्र सेन्सरने मोजून, ते ठरल्याप्रमाणे नसतील तर तिचा वीजपुरवठाच तोडणारा दुसरा प्रोसेसर हवा. मुख्य प्रोग्राम अडकला की यंत्र पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग बहुतेक पंपांत असतो, पण त्याला टायमरच्या इंटरप्टमधून (मुख्य प्रोग्रामला मध्येच थांबवून आपोआप चालणाऱ्या छोट्या भागातून) 'जिवंत आहे' असा संकेत दिला तर तो निरुपयोगी ठरतो. मुख्य प्रोग्राम ठप्प झाला तरी टायमर इमानेइतबारे संकेत देतच राहतो!

सॉफ्टवेअरवर सॉफ्टवेअरचाच पहारा ठेवल्याने काय होते, हे थेराक-२५ या कॅनेडियन किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ दरम्यान दाखवले. आधीच्या थेराक-२० मधले हार्डवेअर इंटरलॉक (धोक्याच्या स्थितीत यंत्र चालू न देणारे, सॉफ्टवेअरवर न विसंबणारे अडसर) त्यात काढून टाकले होते. चुकून निवडलेला क्ष-किरणांचा पर्याय ऑपरेटरने सुमारे आठ सेकंदांच्या आत बदलला, तर तो बदल यंत्राच्या एका भागाला कळतच नसे. सहा रुग्णांना अतिरिक्त मात्रा बसली, काही दगावले. तोच दोष थेराक-२० मध्येही होता; तिथे मात्र फ्यूज उडून यंत्र बंद पडायचे.

म्हणूनच वैद्यकीय उपकरणांतील सॉफ्टवेअरसाठीचे आयईसी ६२३०४ हे आंतरराष्ट्रीय मानक सॉफ्टवेअर बिघडणारच असे धरून चालते आणि सॉफ्टवेअरबाहेरचे नियंत्रण असेल तरच त्याचा धोक्याचा वर्ग (ए, बी किंवा सी) खाली आणू देते. आपल्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांतही ए, बी, सी, डी वर्ग आहेत, पण ते उपकरणाचे. परवान्यावर 'सी' दिसले म्हणून सॉफ्टवेअरही त्या कसोटीला उतरले असे खरेदी समितीने समजू नये.

निविदेत सॉफ्टवेअरचा वर्ग, वापरलेल्या तयार लायब्ररींची (इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रामच्या भागांची) यादी आणि चाचणी अहवाल मागावेत. चालू पंपाच्या सेन्सरची वायर काढल्यावर मोटर किती सेकंदांत थांबते, हे पुरवठादाराकडून समितीसमोर करून घ्यावे.

– एक वैद्यकीय उपकरण अभियंता, पुणे